बटन दाबलं की वाशीम मागे

वाशीम जिल्ह्यात कोणी गाडी घेतली की पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा प्रश्न, "माणसं किती बसतात?" दुसऱ्याचं उत्तर गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही माहीत नसतं, ते लग्नसराईत ठरतं. गाडी पळते किती, हे मात्र कोणी विचारत नाही. पळणं गाडीच्या हातात नसून पुढे चाललेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या हातात आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ट्रॉलीला मागचा दिवा नसतो, पण 'पुन्हा भेटू' लिहिलेलं असतं, आणि ते वाचत वाचत माणूस रिसोडहून वाशीमला पोचतो. सुगीत अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत पडलेलं. गाव लागायच्या आधी एक गतिरोधक, गाव संपताना एक, आणि मधे एखादे माजी सभापती राहत असतील तर त्यांच्या दारापुढे एक मानाचा.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून हा जिल्हा झाला. २०१८ साली नीती आयोगानं देशातले काही जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत वाशीमचं नाव आलं. आयोगाच्या मनात आरोग्य, शिक्षण, शेती, सिंचन असं बरंच काही होतं. आमच्या पोरांनी आकांक्षा एवढीच वाचली: शून्य ते शंभर किती सेकंदांत?

त्यात ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून असा रस्ता गेला, की ज्यावर ट्रॉली नाही, सोयाबीन नाही आणि सभापतीही नाहीत. पुढे ५ जून २०२५ ला तो थेट मुंबईच्या वेशीपर्यंत, ७०१ किलोमीटर, पुरा झाला. रस्ता आखलाय ताशी १५० किलोमीटरसाठी, मोटारींना परवानगी आहे १२० ची. मधल्या ३० किलोमीटरमध्ये आमच्या जिल्ह्यातली सगळी तरुण पिढी राहते.

आमच्या शेजारी विज्ञानाचे निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्या चिरंजीवांनी पुण्याहून एक जुनी होंडा सिटी आणली. साधीसुधी नाही, २००० सालच्या आसपास आलेली दीड लिटरची व्हीटेक. मारुती ८०० चाळीस हॉर्सपॉवरच्या आतच संसार करत होती, त्या काळात हिच्या इंजिनात १०६ हॉर्सपॉवर होती. गाड्यांतलं कळणारा माणूस हे नाव ऐकून अजूनही क्षणभर गप्प होतो. चिरंजीवांच्या गाडीनं दोन लाखांवर किलोमीटर केलेले होते, म्हणजे मीटरनं तेवढे कबूल केले होते. विकणाऱ्यानं सांगितलं, "डॉक्टरांनी वापरलेली आहे." महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांचा हिशेब केला, तर आपले डॉक्टर रुग्ण नेमके केव्हा तपासतात, असा प्रश्न पडतो.

गाडी सकाळी सुरू झाली की आमच्या गल्लीत निळसर धूर पसरे. समोरच्या आजी त्याला डासांसाठी चांगला म्हणत. पेट्रोलबरोबर गाडी इंजिन ऑइलही पीत होती, आणि ते तिनं कधी लपवलं नाही. पण चिरंजीवांना चिंता धुराची नव्हती, वेगाची होती. एका संध्याकाळी त्यांनी ओट्यावर जाहीर केलं, "काका, गाडीला नॉस बसवतोय."

नॉस म्हणजे नायट्रस ऑक्साइडची बाटली. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा चित्रपट आला आणि २००३ साली 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' हा खेळ. आमच्याकडच्या एका पिढीनं शाळेचं दप्तर मांडीवर ठेवून सायबर कॅफेत हा खेळ खेळलाय. त्यात गाडी मागे पडली की एक बटन दाबायचं. निळी ज्वाळा निघते, रस्ता ताणला जातो, बाकीच्या गाड्या मागे. त्या वयात मनात गेलेलं बटन पुढे पदवी, नोकरी, लग्न यांतल्या कशानंही बाहेर निघत नाही.

गुरुजींनी चष्मा पुसला. "नायट्रस ऑक्साइड म्हणजे हास्यवायू. ऑपरेशनच्या वेळी भूल देतात तो."

"हो बाबा. तोच इंजिनला द्यायचा."

"इंजिनचं ऑपरेशन आहे का?"

आतून गुरुजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "अरे, पंपावर टायरमध्ये नायट्रोजन भरून देतात ना? मग घरी बाटली कशाला आणतोस?"

या वायूचा इतिहास पाहिला तर माणसाच्या अकलेचा क्रम समजतो. जोसेफ प्रिस्टली या इंग्रजानं तो १७७२ साली शोधला. १७९९ साली हम्फ्री डेव्ही या विशीतल्या पोरानं ब्रिस्टलला तो स्वतः हुंगला, आवडला म्हणून मित्रांना हुंगवला. त्यांत कोलरिज आणि सदी हे कवीही होते. डेव्हीनं १८०० सालच्या पुस्तकात लिहूनही ठेवलं, की यानं वेदना जातात, तेव्हा शस्त्रक्रियेत उपयोग होईल. त्या वाक्याकडे लोकांनी चव्वेचाळीस वर्षं लक्ष दिलं नाही. ते जत्रेत, मेजवानीत तो हुंगून हसत राहिले आणि शेजारच्या गल्लीत शुद्धीवर असलेल्या माणसाचा पाय कापला जात राहिला. शेवटी १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं हा वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली, तेव्हा कुठे वैद्यकाला जाग आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हा वायू विमानांच्या इंजिनांत सोडला. आठ-दहा किलोमीटर उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी पडतो, तो या वायूतून मिळे. म्हणजे उपायामागे अडचण होती. वाशीम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथे हवा भरपूर आहे; निवडणुकीच्या दिवसांत जास्तच.

चिरंजीवांनी मात्र अभ्यास पक्का केला होता, हे मान्य करायला हवं. हवेत वजनानं २३ टक्के प्राणवायू असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. इंजिनाच्या पोटातल्या उष्णतेनं हा वायू फुटतो, नायट्रोजन वेगळा, प्राणवायू वेगळा. प्राणवायू जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं, पेट्रोल जास्त जळलं की जोर जास्त. शिवाय बाटलीत तो द्रवरूप असतो, बाहेर येताच उणे ८८ अंशांवर उकळतो आणि आत जाणारी हवा गार करतो. गार हवा दाट, दाट हवेत प्राणवायू आणखी. पन्नास हॉर्सपॉवर एका बटनात. कागदावर सगळं बरोबर होतं. वाशीम जिल्ह्यातल्या बऱ्याच योजना कागदावर बरोबर असतात.

पहिली अडचण काढली उन्हानं. नायट्रस ऑक्साइडला ३६.४ अंश सेल्सियसच्या वर कितीही दाबलं तरी तो द्रवरूप राहत नाही. अमेरिकेतली थंड हवेतली मंडळी बाटलीचा दाब वाढावा म्हणून तिला विजेचा हीटर गुंडाळतात. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा बेचाळीसवर जातो आणि बंद गाडीच्या डिक्कीत त्याहून कितीतरी वर. म्हणजे जो वायू इंजिन गार करायला आणला, तोच बाटलीत बसून मोकळा श्वास घ्यायची वाट पाहणार. दाब वाढला तर फुटून वायू बाहेर सोडणारी एक सुरक्षाचकती बाटलीला असते, असं चिरंजीवांनी सांगितलं. ती फुटली तर वायू कुठे जातो, असं विचारल्यावर म्हणाले, "डिक्कीत." घरच्यांनी तोडगा सुचवला, की बाटलीला ओलं पोतं गुंडाळावं आणि लग्नाला जाताना वाटेत थांबून त्यावर पाणी मारावं. जगात ज्या वायूला हीटर लागतो, त्याला पोतं लावण्याचा मान आमच्या गल्लीला मिळता मिळता राहिला.

दुसरी अडचण बाटली भरण्याची. दवाखान्यात निळ्या सिलिंडरमधून हाच वायू येतो, पण गाडीवाल्यांच्या वायूत मुद्दाम किंचित सल्फर डायऑक्साइड मिसळतात, कोणी हुंगून हसत बसू नये म्हणून. साडेचार किलो वायूची बाटली पन्नास हॉर्सपॉवरच्या हिशेबानं तीन-साडेतीन मिनिटं चालते. मी गणित मांडलं. ताशी १२० च्या वेगानं तेवढ्या वेळात साडेसहा किलोमीटर होतात. समृद्धीवरून नागपूरहून मुंबईला सतत बटन दाबून जायचं, तर शंभरावर बाटल्या लागतील आणि भरलेल्या बाटल्यांचं वजन गाडीच्या वजनाच्या घरात जाईल. म्हणजे बाटल्या नेण्यासाठी मागे ट्रॉली जोडावी लागेल. ट्रॉलीवर 'पुन्हा भेटू' लिहावं लागेल.

"काका, सतत नाही दाबायचं. फक्त गरज असेल तेव्हा."

"गरज केव्हा असते?"

"कोणी पाहत असेल तेव्हा."

तिसरी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळं. दाबाखालच्या सिलिंडरसाठी २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि ते पाहणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना दिल्लीत नाही, मुंबईत नाही, आपल्या नागपुरात आहे. स्फोटक पदार्थांचं देशाचं मुख्य कार्यालय विदर्भात ठेवण्यात सरकारनं दूरदृष्टी दाखवली, असं गुरुजी म्हणाले. हे बोलताना ते चिरंजीवांकडे पाहत होते.

एवढं होऊनही चिरंजीव खचले नाहीत. गाडी घेऊन ते मिस्त्रींकडे गेले. पुसदकडच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे हे मिस्त्री बोलतात कमी आणि ऐकतात इंजिन. त्यांनी सगळा बेत ऐकून घेतला, हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "भाऊ, इंजिनले विचारलं का?"

मग त्यांनी चारी प्लग काढले आणि कम्प्रेशनचं घड्याळ लावलं. निरोगी इंजिनात बारा-तेरापर्यंत चढणारा काटा इथे आठाशी घुटमळला. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल ओतलं आणि परत सेल्फ मारला. काटा वर गेला. परीक्षा एवढीच. ऑइलनं फट बुजली आणि दाब वाढला, म्हणजे व्हॉल्व्ह बरे आहेत, पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. जी हवा दाबून जोर काढायचा, तीच रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये पळते आणि खालचं ऑइल वर येऊन जळतं. गल्लीतले डास त्यामुळेच कमी होते.

"यात तुमची बाटली सोडली ना," मिस्त्री म्हणाले, "तर एकदाच लय पळंल. मंग पिस्टनले भोक."

कारण त्यांनी आम्हाला समजावून दिलं, ते त्यांच्याच शब्दांत सगळं लिहिता आलं तर या लेखाची गरज उरणार नाही. प्राणवायू वाढला की पेट्रोलही त्याच हिशेबात वाढायला हवं. वीस-पंचवीस वर्षांचा फ्युएल पंप थकलेला, नोझल अर्धे चोंदलेले. पेट्रोल कमी पडलं की आग कोरडी आणि भयंकर गरम होते. ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते, नाहीतर इंजिन खडखडतं आणि रिंगांची खाच तुटते. त्यात आता पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलच्या वजनातही एक तृतीयांशाहून जास्त प्राणवायू. म्हणजे सरकारनं आपल्या परीनं थोडं नॉस आधीच घातलेलं आहे. बटन तेवढं दिलेलं नाही. मग क्लच प्लेट, गिअरबॉक्स, ब्रेक. पन्नास हॉर्सपॉवर वाढवायची तर ती रस्त्यापर्यंत नेणारं आणि वेळेवर थांबवणारं सगळंच नवं हवं. जुन्या इंजिनला नायट्रस देणं म्हणजे आजोबांना सलाईन लावून वरातीत नाचायला उतरवणं. नाचतात जोरात, पण एकदाच.

शेडमध्ये चहा घेत बसलेले एक शेतकरी इतका वेळ ऐकत होते. त्यांचे बैल शंकरपटात पळतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण मोकळीक मिळाली ती नियमांसकट. बैलाला उत्तेजक द्यायचं नाही, पशुवैद्यकानं तपासून तंदुरुस्त आहे असं लिहून द्यायचं, मगच पट.

"आमच्या बैलाले सर्टिफिकेट लागते," ते म्हणाले. "तुमच्या गाडीले नाई लागत?"

चिरंजीवांनी पीयूसीचा कागद दाखवला. शेतकऱ्यानं कागदाकडे पाहिलं, मग सायलेन्सरकडे पाहिलं, मग कागद घडी घालून आदरानं परत दिला. ज्या गाडीचा असला धूर कागदावर दिसत नाही, तिच्या वशिल्यापुढे बैलवाल्यानं काय बोलावं?

जुन्या वाहनात नवी ताकद घालण्याचा प्रयोग आमच्या जिल्ह्यानं पूर्वीच एकदा पाहिलेला आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला ही आगगाडी कारंज्यावरून जाई. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन तिला सत्तर वर्षं ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल इंजिन लावलं. सगळ्यांना वाटलं, आता शकुंतला पळणार. डिझेलनं जोर दाखवला, पण खाली रूळ इंग्रजी अमदानीतले, डबे तसेच, पूल तसेच. शकुंतलेनं डिझेलला आपल्या चालीवर आणलं, आणि शेवटी गाडीच बंद झाली. ताकद बाटलीत मिळते, डिझेल इंजिनात मिळते. रूळ मात्र कोणाला बदलावेसे वाटत नाहीत. रूळ बदलताना फोटो चांगला येत नाही.

आणि हे फक्त गाड्यांचं नाही. वर्षभर पुस्तक न उघडलेल्या पोराला परीक्षेच्या महिनाभर आधी क्रॅश कोर्सला घालतात, ते बटनच. विहिरीतला गाळ काढायचा सोडून मोटर मोठी बसवतात, तेही. पंचवीस वर्षं बायकोशी धड न बोललेला माणूस लग्नाच्या वाढदिवसाला मंगल कार्यालय बुक करून डीजे लावतो, तेव्हा तोही बटनच दाबत असतो, आणि बायको काचेमागून निळी ज्वाळा पाहावी तशी पाहत असते. झीज सावकाश होते, रोज होते, आवाज न करता होते. तिला उपाय मात्र आपल्याला तीन मिनिटांत, आवाज करून आणि चार लोकांसमोर हवा असतो.

मिस्त्रींनी शेवटी एकच प्रश्न केला. "कंपनीनं किती हॉर्सपॉवर देली होती?"

"एकशे सहा."

"आता किती असंल?"

चिरंजीव गप्प. मिस्त्री म्हणाले, "जे हरवलं थे आंधी शोधू. बाटलीचं मंग पाहू."

इंजिन खाली उतरलं. बोअर केलं, रिंगा-पिस्टन नवे, व्हॉल्व्ह घासून बसवले, हेड गॅस्केट नवं, पंप नवा, नोझल साफ. चिरंजीवांचे नॉसचे सगळे पैसे त्यात गेले, वर गुरुजींचे थोडे. गाडी बाहेर आली तेव्हा गल्लीत धूर नव्हता. समोरच्या आजींनी डास वाढल्याची तक्रार केली. शेलूबाजारहून समृद्धीला लागून गाडी पहिल्यांदा मोकळी सोडली तेव्हा ती अशी उचलली, की चिरंजीवांचा चेहरा पाहण्याजोगा झाला. विकत घ्यायची ती ताकद इतकी वर्षं गाडीतच कुठेतरी गळून पडलेली होती. काटा १२० ला टेकताच गुरुजींनी मागून खोकून कायद्याची आठवण करून दिली.

तरी आठवडाभर चिरंजीव नाराजच दिसत. गाडी पळत होती, पण कुणाला सांगायचं काय? "रिंगा बदलल्या" हे वाक्य मित्रांमध्ये चालत नाही. अखेर ते बसस्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडे गेले. आमच्या जिल्ह्यातलं परफॉर्मन्सचं खरं दुकान तेच. त्यानं मागच्या काचेवर हातभर 'नॉस' चिकटवून दिलं. शंभर टक्के सुरक्षित बसवणी: उन्हात दाब वाढत नाही, नागपूरची परवानगी लागत नाही, पिस्टनला भोक पडत नाही. डॅशबोर्डवर एक लाल बटनही बसवलं. त्याला वायर नाही. पण चिरंजीव ते दाबतात तेव्हा मागच्या सीटवरचे सगळे पुढची सीट घट्ट धरतात, आणि उतरल्यावर एकमेकांना सांगतात, "काही म्हणा, फरक पडतो."